वस्तऱ्याची शेपटी

दूर दक्षिणेतल्या इरुंगाट्टुकोट्टै गावच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं वजन घटवणं हे नाशिकच्या शार्दूलचं काम. कुठल्याही वस्तूतला नको असलेला भाग त्याला आधी दिसायचा. स्वतःच्या पोटाकडे मात्र नजर जात नसे. घरातल्या झाऱ्याचा दांडा त्याने कापून आखूड केला आणि त्यापायी बायकोच्या, कीर्तनाच्या, हातावर तेल उडालं. तेव्हा दोष झाऱ्याचा नसून तिच्या तळण्याच्या पद्धतीचा आहे, हे त्याने तिला शांतपणे समजावूनही सांगितलं होतं.

कीर्तनाचे वडील व्यासराज मूळचे तंजावरचे मराठी, तिथल्याच आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. हात थरथरायला लागला तसा त्यांनी आपला जुना वस्तरा जावयाच्या हवाली केला. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याकडून दाढी करून घेतली नव्हती. पण ऐंशी पूर्ण झाल्याच्या सोहळ्याला गुळगुळीत गालांनी बसायचं होतं, आणि ती दाढी जावयाने, याच वस्तऱ्याने करावी एवढंच त्यांनी मागितलं.

शार्दूल हुरळून गेला. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये त्याने वस्तऱ्यावर व्याख्यान दिलं. पात्याची पाठ जाड का, तर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ आणि धार दोन्ही टेकली की कोन आपोआप सांभाळला जातो. दोन्ही बाजू खोलगट का, तर धार पातळ राहते आणि लावायला सोपी जाते. इथवर सगळं बरोबर होतं. मग पातं आणि मूठ जोडणाऱ्या खिळीच्या मागे वर वळलेली शेपटी आली. ती नुसती शोभेची, असं ठरवून तो मोकळा झाला. शिवाय तिच्यामुळे वस्तरा शार्दूलच्या दाढीच्या सामानाच्या डबीत मावत नव्हता. दुसऱ्याच दिवशी ग्राइंडरवर शेपटी उडाली. सराव वगैरे त्याने केला नाही. रचना समजली की हात आपोआप चालतो, असा त्याचा ठाम समज होता.

सोहळ्याच्या सकाळी व्यासराज आवडी गावातल्या आपल्या घरात गालांना साबण लावून, डोळे मिटून खुर्चीत बसले. शार्दूलने वस्तरा उघडला. तीन बोटं जागेवर बसली. करंगळी मात्र हवेत आधार शोधत राहिली. मागून दाबायला काहीच नसल्यामुळे पातं पुढे कलंडलं आणि टोक सासऱ्यांच्या कानाकडे निघालं. शार्दूलने हात मागे घेतला. शेपटी कशासाठी होती, हे त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की त्याला स्वतःच्याच इंजिनिअरिंगच्या पदवीची लाज वाटली.

तब्येतीचं कारण सांगून न्हाव्याला बोलवावं, असं मनात आलं. पण समोरचा माणूस निर्धास्तपणे मान मागे टाकून बसला होता.

"अप्पा, मागची शेपटी मी कापून टाकली," तो म्हणाला. "बिनकामाची वाटली."

व्यासराजांनी डोळे उघडले. वस्तरा हातात घेऊन कापल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग तो परत जावयाच्या हातात ठेवला.

"करंगळीस टेकावयास जागा पाहिजे की," ते म्हणाले. "माझ्या गालावर टेका."

शार्दूलने टेकवली. दाढी झाली, हनुवटीखाली एक छोटा काप सोडून. सोहळ्यात तिथल्या कापसाबद्दल जो विचारी, त्याला व्यासराज सांगत की तेवढं वजन जावयांनी कमी केलं. सगळ्यांत मोठ्याने शार्दूलच हसत होता. पाया पडायला वाकला तेव्हा ते हळूच म्हणाले, परवा दाढी पुन्हा वाढेल, तेव्हा या.