बाईंच्या बांगडीचं माप

१९९८ साल. मी पन्नास वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पण ठाकुर्ली ते डोंबिवली कुणाचा टीव्ही बंद पडला की तो माझ्याच दुकानात यायचा. फुशारकी मारत नाही, तसंच होतं. अशा माणसाला ज्यांनी गप्प केलं त्या टायपिंगच्या बाई. हातातली हिरवी बांगडी त्या फूटपट्टीसारखी वापरत. क्लासची पाटी रंगवणाऱ्या पेंटरच्या गोलालाही त्यांनी बांगडी लावली, "चपटा आहे" म्हणाल्या आणि पुसायला लावला.

डोंबिवली पूर्वेला त्यांचा क्लास होता. टाइपरायटरवर बसलेल्या मुलींच्या हातांवर त्या रुमाल टाकत. "अक्षरं बोटांना कळू देत, डोळे कागदावर." मुली रडकुंडीला येत, पण नोकरी लागली की पहिला पेढा बाईंनाच. पन्नाशी उलटल्यावर त्या स्वतः संगणक शिकल्या आणि तोही वर्ग काढायचं ठरवलं.

परवानगीसाठी तपासनीस दुपारी चारला येणार होते. बाईंनी आपल्या भावाचा लॅपटॉप आणलेला. मागच्या बाकांना दिसावं म्हणून एक जुना मोठा मॉनिटर जोडला, तर त्यावर तिरके पट्टे आणि थरथर. वर्ग दाखवता आला नसता, तर परवानगी पुढच्या वर्षावर गेली असती. मला निरोप आला.

मी गेलो आणि थेट मॉनिटरचं मागचं झाकणच उघडलं. बाई म्हणाल्या, "म्हात्रे, आधी बघा तरी."

"बाई, पडदा कुठलाही असो, आत सगळं सारखंच. तुम्ही चहा सांगा."

मी एकेक स्क्रू फिरवत गेलो, चित्राच्या आडव्या मापाचा, उभ्या मापाचा. दुकानात मी स्क्रू हलवण्याआधी नेलपॉलिशची खूण करतो. त्या दिवशी केली नाही. एवढ्याशा कामाला खूण कसली, म्हटलं. तासाभराने पट्टे थोडे कमी झाले, पण कडा कापलेल्या आणि थरथर होतीच.

बाईंनी विचारलं, "मागे कागद चिकटवलाय, त्यावर काय लिहिलंय?"

"कंपनीचं नाव असतं."

इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. ते मी कुणाला सांगितलंही नव्हतं. बाई चष्मा लावून वाकल्या आणि मोठ्याने वाचलं, "सहाशे चाळीस, चारशे ऐंशी." मग लॅपटॉपशी बसल्या, त्याच्या सेटिंगमध्ये शिरल्या आणि हसल्या. "अहो, याला आडवे-उभे एवढेच ठिपके झेपतात. आपण त्याच्या ताटात आठशे-सहाशे वाढतोय. मग उलटी नाही होणार?"

त्यांनी आकडे उतरवले. लॅपटॉपच्या पडद्यावरचं चित्र आकसलं, भोवती काळी चौकट आली. पण मोठ्या पडद्यावरची थरथर थांबली, पट्टे गेले. आता बिघाड उरला होता तो माझा. बाईंनी लॅपटॉपवरून पडद्यावर वर्तुळ काढलं, ते निघालं अंड्यासारखं. कोणता स्क्रू किती फिरवलेला, देवाला ठाऊक. तीन वाजत आलेले.

मी म्हटलं, "बाई, चूक माझी. खूण केली नाही." असं वाक्य मी त्याआधी बायकोलाही कधी ऐकवलं नव्हतं.

"मग आता करू." त्यांनी साबण लावून बांगडी काढली आणि काचेवरच्या वर्तुळाला लावून धरली. "फिरवा. अजून. अजून... अहो थांबा, मागे या जरा!" त्या समोर, मी मागे. मला पडदा दिसत नव्हता, फक्त त्यांचा आवाज. पाऊण तास त्या म्हणतील तसं मी ऐकलं. आयुष्यात एवढं कुणाचं ऐकलं नाही.

तपासनीस साहेब आले, मागच्या बाकावर बसून बघितलं. "इथून सगळं दिसतं. वर्ग काढा," म्हणाले. बाईंनी माझ्याकडे हात केला. "आमचे मेकॅनिक म्हात्रे. पडदा यांनी जुळवला." अर्धं खोटं होतं. पण माझी मान ताठ झाली, ती अजून तशीच आहे.

ते गेल्यावर बाई बांगडी हातात चढवत म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला या. ए, बी, सी, डी पासून."

"मी? तीन मेकॅनिक तयार केलेत मी!"

"मग चौथे तुम्ही."

त्या वर्गातून किती मुलं बाहेर पडली, मोजली नाहीत. बाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत भेटायला गेलो, तेव्हा खाटेवरच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतलं. "अडखळलात," म्हणाल्या. मी पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचलं.

पण पडदा जुळवला त्या संध्याकाळी मी त्यांना हो म्हटलं नव्हतं. जाणार नाही, असं बायकोला ठणकावून सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सातला दहा कमी असताना त्या मोठ्या पडद्यासमोर पहिल्या बाकावर जाऊन बसलो.