मथळ्यावरचा फोकस

शनिवारी सकाळी दुरुस्तीवाल्या साठेकाकांनी माझ्या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा फोकस जुळवून दिला. संध्याकाळी भाचीचं बारसं होतं. तोवरच्या तिच्या सगळ्या फोटोंत कान स्पष्ट आणि डोळे पुसट आले होते. "दादा, आज डोळे नीट आले नाहीत तर पुढच्या वेळी फोटोग्राफर सांगेन," असं बहिणीनं बजावलं होतं.

काकांनी टेबलावर वर्तमानपत्र तिरकं टेकवलं. "मधल्या मथळ्यावर धरा." व्ह्यूफाइंडरमध्ये मथळ्याच्या दोन प्रतिमा दिसत होत्या. त्या जुळल्या की फोकस बसला, असं हा कॅमेरा सांगतो. रिंग फिरवून मी त्या एकमेकींवर बसवल्या. फोटोत मात्र मथळा पुसट आणि त्याच्या वरची, जराशी लांबची सोफ्याची जाहिरात स्वच्छ आली.

"पत्रकार ना तुम्ही? आणि वाचता जाहिराती!" काका हसले. त्यांनी लेन्स काढून आतला बारीक स्क्रू केसभर फिरवला.

दोघांचं सांगणं जुळलं की बातमी पक्की, ही माझी जुनी सवय. दोघे मिळून चुकीची जागा दाखवू शकतात, हे त्या स्क्रूनं शिकवलं. चौथ्या फोटोत मथळा वाचता आला.

बारशात मी बावीस फोटो काढले. सगळ्यांत बाळ झोपलेलं आहे. पापण्या एकेक मोजता येतात.