घासून गेलेलं नाव

त्या वर्षांत मी यवतमाळहून कापसाच्या बातम्या पाठवत होतो. भाव, मोर्चे, आत्महत्या. वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. नंतर फोन यायचा तो वर्तमानपत्राच्या कचेरीचा, बातमी विचारायला.

वडिलांमागे ठासणीची एक बंदूक राहिली होती. रानडुकरं हाकायला आजोबांनी घेतलेली. वडील तिला विलायती म्हणत. परवाना माझ्या नावावर व्हायचा तर अर्जात बनवणाऱ्याचं नाव लागत होतं. जुन्या परवान्यात तो रकाना कोरा होता. पंधरा दिवसांत नाव मिळालं नाही तर बंदूक पोलिसांत जमा करावी लागेल, असं कारकुनानं सांगितलं. तपासणीसाठी नेण्याचं पत्र मात्र दिलं.

आर्णीला एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांचे वडील बंदुका दुरुस्त करत. ते स्वतः आता फवारणीचे पंप दुरुस्त करत होते. त्यांनी बंदूक उजेडात धरली. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर अंगठा फिरवला.

"नाव इथंच राह्यते. कोणं घासलं हे?"

"मीच. दर दसऱ्याले. पूजेआधी."

"कायनं?"

"विटकरीची पूड अन् तेल."

"किती वर्सं?"

"सातवीत होतो तवापासून."

"वा भाऊ! लोक चोरीच्या बंदुकीवरचं नाव घासतात. तुमी घरच्या बंदुकीचं घासलं."

मी हसलो नाही. पट्टीत तोंड दिसलं पाहिजे, असं वडील म्हणत. दिसेपर्यंत ते शेजारी बसून राहत. वर्षातून तेवढा एकच तास आम्ही एकमेकांजवळ बसत असू.

मिस्त्रींनी खिळे काढून नळी लाकडापासून सोडवली. खालची बाजू कुणी कधी घासलेली नव्हती. तिथे नाव नव्हतं, आकडाही नव्हता. कानशीचे तिरपे ओरखडे तेवढे होते.

"विलायती नळीले खालून सरकारी ठसा राह्यते. हिले नाही. हे आपल्याकडचंच काम हाय." त्यांनी स्वतःची कानस उजव्या हातात धरून ओरखड्यांवर ठेवली. ती जुळेना. डाव्या हातात घेतली, तेव्हा बरोबर बसली. "डावखुरा होता. हात साफ होता त्याचा."

"नाव?"

"ते आता कोण सांगन? एखादं इंग्रजी नाव लिहून द्या. तिथं कोण पाहून राह्यलं?"

परतीच्या एसटीत मी दोन-तीन इंग्रजी नावं मनात जुळवून पाहिली. वडिलांना कुठलंही आवडलं असतं. पण मिस्त्रींच्या डाव्या हातातली कानस मी पाहिली होती. रकान्यात लिहिलं : स्थानिक कारागीर, डावखुरा, नाव माहीत नाही.

कारकुनानं ते मोठ्यानं वाचलं. "साहेब, हे काय पेपरात छापाचं हाय काय?"

अर्ज परत आला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बंदूक ठाण्यात नेली. पोच लिहिणाऱ्या हवालदारानं विचारलं, "सोबत कोणी हाय काय? सही लागते साक्षीदाराची."

"कोणी नाही."

त्यानं बाहेर बसलेल्या एका अनोळखी माणसाला बोलावून सही घेतली. मग नळीला सुतळीनं चिठ्ठी बांधायला घेतली. "बोट ठेवा जरा," तो म्हणाला. मी गाठीवर बोट ठेवलं. सुतळी घट्ट झाली, तसं काढून घेतलं.