तपकिरी प्लग

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा आम्ही नवी पेठेमागच्या दोन खोल्यांत राहत होतो. घरात सासू-सासरे, दोन दीर. नवऱ्याशी निवांत बोलायला जागाच नसे. त्या वर्षी सासऱ्यांनी एक जुनी गाडी घेतली. ती काळा धूर सोडायची आणि पेट्रोल फार प्यायची.

नवरा म्हणाला, "कार्बोरेटर नीट लावायला पाहिजे. पण शहरात कळणार नाही. मोकळ्या रस्त्यावर वेगात पळवून बघावं लागेल. सोबत कुणीतरी पाहिजे." आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मग दर रविवारी सकाळी आम्ही मोहोळच्या रस्त्याला लागायचो. गाडी वेगात असतानाच तो इंजिन बंद करायचा, म्हणजे प्लगवर त्या वेगातला रंग तसाच राहतो. ती हळूहळू बाभळीखाली येऊन थांबायची. तो पान्यानं प्लग काढून फडक्यात धरायचा आणि मी टोक बघायचे. काजळी दिसली, तर पेट्रोल जास्त. पांढरं पडलं, तर कमी. तपकिरी आलं की जमलं. पहिल्यांदा ते काजळीनं माखलेलं होतं. त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवला, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मध्ये एकदा पांढरं आलं. मला त्याचं काहीच वाईट वाटत नव्हतं. प्लग निवेपर्यंत आम्ही बांधावर बसून डब्यातली भाकरी खायचो, काय काय बोलायचो.

एकदा मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. "बंद पडली व्हय गाडी?"

"न्हाय, मुद्दाम थांबवली," नवरा म्हणाला.

म्हाताऱ्यानं आम्हा दोघांकडं पाहिलं, हसला आणि मेंढरं हाकत पुढं गेला. मी लाजून पदर सावरला.

थंडीच्या सुरवातीला प्लग छान तपकिरी निघाला. नवरा खूश. मीही हसले, पण परत येताना मागं पडणाऱ्या बाभळीकडं वळून बघत राहिले.

पुढच्या रविवारी चहा पिताना सासऱ्यांनी विचारलं, "झाली ना गाडी नीट?"

"झाली," नवरा म्हणाला.

सासूबाई करमाळ्याकडच्या, फार बोलायच्या नाहीत. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मला तर अजून लई धूर दिसतोय. जावा, बघून या की." आणि त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला.

त्या दिवशी बाभळीखाली "आता तू शिक चालवायला," म्हणत नवऱ्यानं किल्ली माझ्या हातात दिली. रस्ता मोकळा होता. पहिल्या गिअरमध्ये धक्के खात मी गाडी पार पुढच्या ओढ्यापर्यंत नेली.