आतेभावाचं जर्मन

निर्णय न घेण्याची कला माझ्या आतेभावाइतकी आणखी कोणाला साधली असेल असं मला वाटत नाही. आणि हे मी सरकारी कचेऱ्या जमेस धरून म्हणतो आहे. एम.एस्सी.साठी तो सोलापुराहून जयपूरला, बनी पार्कातल्या आमच्या घरी राहायला आला. स्टेशनवर तो दोन टांगेवाल्यांच्या मधोमध उभा राहिला आणि दोघेही दुसरी भाडी घेऊन निघून गेल्यावर चालत घरी आला. सायकलवर असला की प्रत्येक चौकात उतरायचा. उजवीकडचा रस्ता चांगला, पण डावीकडे सावली, यावर उभ्या उभ्या विचार व्हायचा. तोवर मी कॉलेजात हजेरी देऊन मोकळा. जेवताना आई म्हणायची, "अरे, पोळी की भात एवढं तरी ठरव. तुझ्या मामीलाही आजच जेवायचं आहे." त्यावर हा म्हणे, "मामी, दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे."

अशा माणसापुढे कॉलेजाने पेच टाकला. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने दोन वर्षं परदेशी भाषेच्या वर्गात बसायचं, नाहीतर सुरुवातीलाच परीक्षा देऊन सूट मिळवायची. याचं जर्मन उत्तम. वडिलांचं कापडाच्या रंगांचं दुकान होतं आणि जर्मन डब्यांवरच्या सूचना वाचतच हा वाढला होता. भिजवणे, उकळणे, पिळणे ही क्रियापदं तो झोपेतही चालवायचा. अडचण एवढीच, की बाकी सगळ्यांनी सोपं म्हणून फ्रेंच घेतलं होतं. याने सूट घेतली तर जर्मनचा वर्ग रिकामा, आणि वर्ग रिकामा तर तो शिकवणारे म्हातारे पंडितजी घरी, तेही निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली असताना.

स्वारीने साऱ्या गावाचा सल्ला घेतला. न्हावी म्हणाला, "साब, पहले गर्दन सीधी रखो." खुद्द पंडितजी तर भडकलेच. "बेटा, तुम्हें जर्मन आती है. परीक्षा दो, छुट्टी पाओ. मेरी चिंता मत करो."

"आपकी नहीं, पंडितजी, अपनी कर रहा हूँ. मेरा व्याकरण कच्चा है."

"झूठ!" पंडितजी ओरडले आणि त्याला दंडाला धरून परीक्षेला बसवून आले.

परीक्षेला प्राचार्य काळा झगा घालून, दोन विभागप्रमुखांना घेऊन हजर होते. तिघांनाही जर्मन येत नव्हतं, त्यामुळे तिघेही अतिशय गंभीर होते. पेपर पंडितजींनीच काढलेला. काढणाऱ्याच्याच पोटावर पाय देणारा इतका सोपा पेपर मी पुन्हा पाहिला नाही. वेळ संपली तेव्हा आतेभावाची उत्तरपत्रिका कोरी होती.

"आधी कोणता प्रश्न सोडवावा हेच ठरेना," तो मला म्हणाला. प्राचार्यांनी इंग्रजीत खेद व्यक्त केला. पंडितजींनी बराच वेळ चष्मा पुसला आणि मग ते म्हणाले, "गधा!"

मग दोन वर्षं हा गधा पहिल्या बाकावर एकटा बसला. त्या वर्गातून हसण्याचे असे स्फोट होत, की फ्रेंचवाले खिडकीशी गोळा व्हायचे. पंडितजी अधूनमधून विचारत, "क्यों, कुछ तय किया?"

"सोच रहा हूँ, पंडितजी."

पंडितजींच्या निरोपसमारंभात प्राचार्य लांबलचक बोलले. भाषणात मुख्यतः प्राचार्यच होते. मग गळ्यातला झेंडूचा हार सावरत पंडितजी आतेभावाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले आणि दोघे पंडितजींच्या घराकडे निघाले. मी माझ्या सायकलवर मागे होतो. झोटवाड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत कितीतरी चौक आले. सवयीने मी प्रत्येक चौकाआधी ब्रेक दाबत होतो. तो एकाही चौकात उतरला नाही.