लाडू शेळीला, दूध पोरीला

संशय घेणं हा माझा जन्मजात गुण. आई म्हणायची, तुझ्या पोटात पोलीस पाटील बसलाय. बसू दे की. अंगणवाडीची बाई झाल्यावर त्याच पाटलानं मला साथ दिली.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बारामतीला प्रशिक्षण झालं आणि इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या पुढच्या एका वस्तीवर मला अंगणवाडी मिळाली. वस्ती धनगरांची. त्यांचे वाडवडील मेंढरं घेऊन फिरायचे. आता कालव्याच्या पाण्यावर ऊस होता आणि दारात एखाददुसरी शेळी. आम्ही बौद्ध, शेजारच्याच गावचे. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात कुणापुढं वाकून बोलायची पद्धत संपली. पण आपण विसरलो म्हणून गाव विसरतं असं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अंगणवाडीत सरकारी पोत्यातून सुकडी यायची. सुकडी म्हणजे गोडसर भाजकं पीठ. मी ते गरम पाण्यात कालवून पोरांना द्यायची आणि उरलेलं घरी न्यायला पुड्या बांधून द्यायची. सगळीकडं बोललं जायचं की ही सुकडी म्हशीच्या घमेल्यात जाते. त्यामुळं पुडी नेणाऱ्या प्रत्येक बाईकडं मी आधी म्हशीची मालकीण म्हणून बघायची, मग आई म्हणून.

त्या वस्तीवर एक तीन वर्षांची पोरगी होती. हाताच्या काड्या, डोळे तेवढे मोठे. टांगत्या काट्याच्या झोळीत बसवलं की काटा मागच्या महिन्याच्या आकड्यापुढं हलायचा नाही, तिचं वजन दर महिन्याला तेवढंच. तपासणीला येणाऱ्या मोठ्या बाईंनी मला बजावलं, दिवाळीपर्यंत वजन चढलं नाही तर हिला बारामतीला दवाखान्यात भरती करावं लागेल, आणि तोवर एखादा ताप आला तर सांगता येत नाही. आई अंगावरचं बाळ घेऊन दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. पोरगी होती आजीच्या ताब्यात. ताब्यातच म्हणायचं, कारण म्हातारी तिला क्षणभर सोडायची नाही. माझ्या जिवाला घोर लागला. ही पोरगी आपल्या डोळ्यादेखत हातची जाणार, असं वाटायचं.

बाकीची पोरं वाट्या चाटूनपुसून खायची. ही तोंड मिटून बसायची. मी घास पुढं केला की म्हातारी हळूच तिचा हात धरून उठवायची आणि म्हणायची, घरी खाईल. पुडी मात्र न चुकता घेऊन जायची. घरी खाईल, हे असलं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी मी चिकट. एका बुधवारी आयांची बैठक बोलावली. घरच्या घरी लेकरांना काय करून द्यायचं ते दाखवायचं ठरवलं. स्टोव्ह पेटवला, बाजरीचं पीठ खमंग भाजलं, शेंगदाण्याचं कूट, तीळ, किसलेला गूळ घालून लाडू वळले. बायका बघत होत्या, माना डोलवत होत्या, गूळ किती घातला तेही विचारत होत्या. ताट फिरवलं आणि सगळ्यांची तोंडं बंद. एकीचा दात दुखत होता. दुसरीला गोड सोसत नव्हतं. तिसरीला उपास होता. बुधवारी कसला उपास, असं मी विचारलंच. नवसाचा म्हणाली. माझ्या लाडवाच्या दिवशीच बरा आला तिचा नवस.

म्हातारीनं तेवढे दोन लाडू उचलले. नाकाशी नेऊन हुंगले आणि पदरात बांधले. पोरगी बाजूला उभी होती, तिच्या हातावर कण ठेवला नाही. पोटातला पाटील उठून बसला.

मी स्टोव्ह तसाच टाकून तिच्या मागं निघाले. उसाच्या कडेकडेनं, चपला हातात घेऊन. लाज कसली त्यात, पोरीच्या जिवाचा प्रश्न होता. म्हातारी घरी गेली, गोठ्यापाशी बसली, पदराची गाठ सोडली. माझे दोन्ही लाडू तिनं घमेल्यात कुस्करले, वर सुकडीची पुडी मोकळी केली, पाणी शिंपडलं आणि घमेलं शेळीपुढं सरकवलं. शेळीला कसला नवस नव्हता. तिनं घमेलं चाटून लख्ख केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उसातून सरळ अंगणात आले. "माझ्या हातचं शेळीला चालतं, पोरीला चालत न्हाय व्हय, मावशी?"

म्हातारी दचकली नाही. शेळीच्या कासेवर पाणी मारत म्हणाली, "शेळीला घातलं म्हंजी पोरीलाच घातलं की. मधी शेळी हाय एवढंच."

मग तिनं मला जे ऐकवलं त्याचा मथितार्थ असा: पीठ खाऊन पोरगं नुसतं फुगतं, हाड धरतं ते दुधानं. तिची पाचही लेकरं मेंढरांमागं रानोमाळ फिरत दुधावरच वाढली. या नातीच्या वेळी शेळी आटत आलेली, पान्हाच सोडत नव्हती. माझी सुकडी सुरू झाल्यापासून शेळी दोन्ही वेळा दूध देते. तेव्हा सरकारनं हे पीठ शेळीसाठीच पाठवलं असणार, अशी तिची पक्की समजूत. मी कपाळावर हात मारला. दूध चांगलंच, पण एवढ्याशा दुधावर ती पोरगी अंग कशी धरायची?

आणि हातचं, हे मी विचारलं होतं, त्याचं काय? ती खाली मान घालून धार काढत राहिली.

मी घरी येऊन रात्रभर धुमसले असं म्हणणार नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी उठले ती ठरवूनच. माझा अपमान मोठा की पोरगी मोठी, याचा हिशोब करायला बसले असते तर दिवाळी उजाडली असती. म्हातारीला जाऊन सांगितलं, लाडू तुमच्या चुलीवर, तुमच्या हातानं, तुमच्याच परातीत करा. मी आत येत नाही. शेळीला ओला पाला घाला आणि लाडू पोरीला द्या. दूध हवंच असेल तर पीठ दुधातच मळा, म्हणजे तुमचंही खरं आणि माझंही.

ती तयार झाली. मी उंबऱ्याबाहेर बसून सांगायची, ती आत करायची. आत ये असं ती एकदाही म्हणाली नाही, आणि मी ते मनात नोंदवून ठेवलं. बाजरी भाजून दळली. शेंगदाण्याची सालं काढायला लागली तर ओरडले, सालासकट कुटा. दुसऱ्या दिवशी मटकी भिजवून मोड आणले, जराशी वाफवून मीठ, लिंबू आणि कूट. दारातच शेवगा होता. त्याचा कोवळा पाला ज्वारीच्या पिठात घालून थालीपीठ थापायला लावलं. बाजरीच्या खारोड्या, उन्हात वाळवलेले सांडगे, तिला माझ्यापेक्षा चांगल्या यायच्या, तिथं मी गप्प बसले. पोरीनं पहिले दोन दिवस नुसतं चिवडलं. मग एकदा लाडू हातात घेऊन ती शेळीकडं निघाली, सवयच ती, आणि अर्ध्या वाटेत तिनंच तो खाल्ला. म्हातारी हसली. मीही हसले, पण उंबऱ्याबाहेरच.

दिवाळीच्या आधीचं वजन आलं. झोळीत पोरगी बसली आणि काटा पुढं सरकला. मी दोनदा बघितलं, कमरेला काही जड बांधलंय का तेही चाचपलं. काही नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, दवाखान्याचं आता नाव नको, असंच चालू ठेवा. म्हातारीनं सगळं श्रेय शेळीला देऊन टाकलं. देऊ दे, म्हटलं. पण माझ्या मनातलं कुसळ निघालं नव्हतं. पोरगी वाचली ती त्यांच्या हातचं खाऊन. माझ्या हाताचा प्रश्न होता तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर मी केर काढत होते. दारात म्हातारी, हातात तांब्या. आताच काढलेलं दूध, तुमच्यासाठी आणलंय म्हणाली. मी तांब्याकडं निरखून बघितलं. आमच्यासारख्यांसाठी वेगळं ठेवलेलं भांडं मला लांबून ओळखू येतं, माळ्यावरचं, चेपलेलं. हा तांब्या तसा नव्हता, पण त्यावरून कसं सांगता येणार? मी मान मागं टाकली, तांब्या उंच धरला आणि वरून धार तोंडात सोडली. आमची आजी, आई, सगळ्या परक्या घरी अशाच प्यायच्या. शिकवावं लागत नाही ते.

दूध हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. म्हातारीनं माझं मनगट धरून तांब्या खाली आणला.

"सांडू नगं. तोंड लावून पी, पोरी."

आजवर ती मला अहोजाहो करायची. मी तोंड लावून प्यायले, पण डोळे तिच्या तोंडावर होते. तिनं तांब्या माझ्याकडून घेतला, पदरानं माझी हनुवटी पुसली आणि निघाली.

झालं, संपलं, असं म्हणून गप्प बसेन ती मी कसली. तोंडापुढं एक आणि घरी गेल्यावर राखेनं तीनदा घासणारी माणसं मी बघितली होती. चपला हातात घेतल्या आणि पुन्हा उसाच्या कडेनं गेले.

म्हातारी गोठ्यापाशी पोचली होती. चुलीतली राख बाजूच्याच टोपलीत होती. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. तोच तांब्या गुडघ्यात धरून ती शेळीखाली बसली, राहिलेली धार काढली आणि नातीला हाक मारली. पोरगी पळत आली, दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि मी तोंड लावलं होतं तिथंच तोंड लावून दूध प्यायली.