झाकलेला बीकर

वडील गेले तेव्हा मे महिना होता, आणि माझे प्रयोग उन्हाचे होते. सुतक फिटलं नव्हतं तरी मी धुळ्याच्या घराच्या गच्चीवर बीकर मांडून बसले. लोकांना काय वाटायचं ते वाटो, मे सरला की असं ऊन मिळत नाही. खरं तर खाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच तेच सांगायचा मला कंटाळा आला होता.

भिंतीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम ऑक्साइड असतं. सांडपाण्यातला कापडाचा रंग ते उन्हात मोडतं, पण उन्हाचा अगदी थोडा भाग त्याच्या कामी येतो. युरियाबरोबर भाजून त्यात जरा नायट्रोजन घातला की पूड पिवळसर होते आणि जास्त ऊन वापरते. युरिया वडिलांनी पिकासाठी आणलेल्या गोणीतला. "लोके पिकले टाकतस, तू रंगले टाकी ऱ्हायनी," म्हणून ते चिडवायचे.

दोन बीकरांत निळं पाणी आणि तीच पूड. एक उघडा, दुसरा फॉइलमध्ये गुंडाळलेला. झाकलेला निळाच राहिला, तरच काम उन्हानं केलं म्हणायचं.

वडील गेले त्या दिवसापासून आई बोललीच नव्हती. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. ही आता अशीच राहणार, एवढी एक भीती सोडली तर मला काहीच वाटत नव्हतं.

दरवर्षी या दिवसांत गच्चीवर तिचे ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळायचे आणि ती काठी घेऊन चिमण्या हाकलत बसायची. यंदा बिबडे नव्हते. तरी ती काठी घेऊन वर आली आणि बीकरांपाशी बसली. जामनेरची मावशी आली म्हणून मी जरा खाली गेले. परत येऊन पाहते तर फॉइल काढून, नीट घडी करून ठेवलेली.

"याले ऊन लागी नही ऱ्हायनं," आई म्हणाली.

सकाळपासूनचं काम वाया गेलं. पण ती बोलली होती. मी तिच्याशेजारी बसले. दोन्हींतलं निळं उतरत गेलं आणि ताकाच्या निवळीसारखं पाणी उरलं.

"बठ्ठा रंग कथा गया?" सगळा रंग गेला कुठे, हे तिला कळेना.

"मोडी गया. हवामा गया."

"काहीच नही ऱ्हास?"

"नही."

तिनं पदर तोंडाशी धरला आणि ती मोठ्यानं रडायला लागली. खालच्या बायका धावत वर आल्या. तिच्या पाठीवर एक हात ठेवून मी दुसऱ्या हातानं बीकर ढवळत राहिले. प्रयोग तर केव्हाच फुकट गेला होता. मला अजूनही रडू आलेलं नाही.